दारातल्या चराचे उपकार

मंदीतून बाहेर पडायचं तर सरकारने स्वतः खर्च वाढवावा की लोकांवरचे कर कमी करावेत, हा प्रश्न मी बारावीच्या वर्गाला दरवर्षी शिकवते. मुलं दोन्ही बाजूंचे मुद्दे पाठ करतात, शेवटी ‘दोन्हींचा समतोल साधणे आवश्यक आहे’ असं लिहून मोकळी होतात आणि मीही मार्क देऊन मोकळी होते. आमच्या घरात मात्र हा प्रश्न जेवणाच्या ताटावर यायचा, आणि तिथे समतोलाला जागा नव्हती. मी एका बाजूला, दादा दुसऱ्या बाजूला आणि मधे बाबा मान खाली घालून भाकरी मोडत बसलेले.

आमचं घर भिवंडीतल्या एका गल्लीत, खाली कारखाना आणि वर आम्ही. कारखाना म्हणजे काही फार मोठं नव्हे, बारा यंत्रमागांची एक लांबट खोली. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं, आम्ही फक्त मजुरीवर विणून द्यायचं. ते माग दिवसरात्र खडखडत असल्यामुळे आमच्या घरात सगळ्यांनाच ओरडून बोलायची सवय लागली आहे. लग्न होऊन आलेली वहिनी पहिल्या आठवड्यात रडली होती, तिला वाटलं आम्ही सगळे तिच्यावर चिडलोय. आता तीही ओरडते.

मंदी आली तेव्हा कापडाला गिऱ्हाईक राहिलं नाही. व्यापाऱ्यांनी सूत टाकणं बंद केलं. आधी अर्धे माग थांबले, मग सगळेच. कारीगरांपैकी काही गावी गेले, काही जवळच्याच दापोड्याच्या गोडाऊनमध्ये खोकी उचलायला लागले. माग थांबले तरी आमची ओरडायची सवय काही गेली नाही, त्यामुळे त्या काळात माझा आणि दादाचा वाद अख्ख्या गल्लीने फुकटात ऐकला.

दादा एका करसल्लागाराच्या ऑफिसात आहे. करांमध्ये सवलत जाहीर झाली त्या संध्याकाळी तो पेढे आणायचाच बाकी होता. “लोकांचा पैसा लोकांच्या खिशात राहू दे. ज्याचं त्याला कळतं कुठे घालायचा. सरकार खर्च करणार म्हणजे टेंडर निघणार, ते अडकणार, तोवर ही मंदी संपून पुढची येईल.”

“घाबरलेल्या माणसाच्या खिशात पैसा ठेवलास तर तो खिसा शिवून टाकतो,” मी म्हटलं. “सगळे हात आखडून बसलेले असताना कोणीतरी न घाबरता खर्च करायला हवा. सरकारशिवाय आहे कोण तसं? रस्ता काढला तर मजुराला काम, मजूर किराणा घेतो, किराणावाला कपडे घेतो.”

बाबांनी भाकरी खाली ठेवली. “नफाच न्हाय तर कर कसला वाचवतोस रं माझा? आन तू गो, कर तुझा रस्ता. रस्ता काय सदरा घालतो?”

आई म्हणाली, आमटी गार होतेय.

पुढच्याच महिन्यात बाबांनी बाराच्या बारा माग भंगारात द्यायचं ठरवलं. भंगारवाल्याकडून इसारही घेतला आणि मग आम्हाला सांगितलं, तेही जिन्यात, चप्पल काढता काढता. खोलीचं गोडाऊन करून भाड्याने द्यायची. मामाने दापोड्याला तेच केलं होतं आणि त्याचं बरं चाललं होतं. हिशेबाने त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. दादानेही मान हलवली.

मला मात्र भीती वाटली, आणि ती पैशाची नव्हती. आमच्या आसपास माग विकलेली माणसं मी बघत होते. स्वतःच्याच गोडाऊनच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली, येणाऱ्या-जाणाऱ्या टेम्पोचे नंबर वाचणारी. भाडं वेळेवर येतं आणि माणूस दिवसेंदिवस वाळत जातो. माग गेले की बाबांचंही तसंच होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्यांनाही दिसत असावं, कारण इसार घेतल्यानंतरही ते रोज सकाळी खाली जाऊन मागांना तेल द्यायचे, पुसायचे. मी एकदा चिडून म्हटलं, विकलेल्या वस्तूला तेल कोण देतं?

“गंजलेलं दिलं तर लाज वाटंल ना,” ते म्हणाले.

भंगाराचा ट्रक यायच्या आदल्या दिवशी सकाळी गल्लीत खोदाईचं मशीन आलं. रस्त्यांसाठी पैसा मंजूर झाल्याचं आम्ही पेपरात वाचलं होतं, पण तो आमच्याच दारात अवतरेल असं कोणाला वाटलं नव्हतं. आधी गटार, मग वर काँक्रीट. दुपारपर्यंत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणूस छातीपर्यंत बुडेल एवढा खोल चर पडला. घरात यायला-जायला प्रत्येक दारासमोर एकेक फळी टाकली. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी आला आणि तिथेच थांबला. तो स्वतः फळीवरून तोल सांभाळत आमच्यापर्यंत आला. मागाच्या बिडाच्या चौकटीवर हात फिरवला, मग मागे वळून चराकडे पाहिलं.

“सेठ, तोड़के भी ये कंधे पे थोड़ी जाएगा। रास्ता बनने दो, फिर आता हूँ। माल कहाँ भागनेवाला है।”

मग नेहमी जे होतं तेच झालं. चर खणून ठेवला आणि पाइप आलेच नाहीत. मशीन निघून गेलं. चरात पाणी साठलं, डास झाले. आईला भाजी आणायला जाणं म्हणजे डोंबाऱ्याचा खेळ झाला. दादाला तर पर्वणीच. रोज ऑफिसातून आला की फळीवर उभा राहून वर हाक मारायचा, “मॅडम, तुमचा सरकारी खर्च बघायला खाली या.” मी गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार होते? पण खालून रोज सकाळी तेलाच्या डब्याचा आवाज यायचा आणि मला मनातल्या मनात त्या न आलेल्या पाइपांचं बरं वाटायचं.

एका दुपारी चाचा आले. चाचा म्हणजे बाबांचे जुने सूत-व्यापारी. त्यांचं घराणं कोकणातून येऊन इथे पिढ्यान् पिढ्या व्यापार करणारं. पायजमा गुडघ्यापर्यंत वर धरून, फळीला शिव्या घालत ते आत शिरले आणि बसायच्या आधीच म्हणाले, “शेठ, आठ लूम चालतील का?”

सरकारी आश्रमशाळांच्या गणवेशाच्या कापडाचं काम एका मोठ्या व्यापाऱ्याला मिळालं होतं, त्यातला एक तुकडा चाचांकडे आला होता. मुदत कमी होती. नेहमीचे दोन कारखाने आता गोडाऊन झाले होते.

“सूत?” बाबांनी विचारलं. “बाजारात उधार कोण देतो आता?”

“रोखीनं घेतलंय. औंदा टॅक्समधे थोडं सुटलं. बेगम म्हणाली सोना ले लो, पोरगा म्हणाला गाडी. मी म्हटलं, पयले सूत.”

“बघा, करकपात!” असं दादा म्हणाला आणि “सरकारी ऑर्डर आहे ती!” असं मी, दोघंही एकाच वेळी. इतक्या मोठ्यांदा की चाचा दचकले.

“गप बसा रं दोघं,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फार दिवसांनी असा वर चढला होता. “शेठ, लूम हायेत. तेलपाणी केलेल्या हायेत. पन बीम येनार कशी हो आत?”

बीम म्हणजे ताण्याचे हजारो धागे गुंडाळलेला लोखंडी रूळ. सायझिंगवरून, म्हणजे सुताला खळ देतात त्या कारखान्यातून, तो हातगाडीने येतो आणि चार माणसं लागतात उचलायला. त्याला ओल लागून चालत नाही, तो आपटून चालत नाही. आमच्या फळीवरून एक माणूस जेमतेम जायचा, आणि चर तर तुडुंब. चाचांनी दोन दिवसांची वेळ दिली. नाही जमलं तर सूत दुसरीकडे टाकणं त्यांना भाग होतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नसतं.

पाइप त्याच दिवशी संध्याकाळी आले. ठेकेदाराची टोळी आली, परभणीकडची. पंप लावून त्यांनी रात्रीतून चरातलं पाणी काढलं. सकाळी बाबा मुकादमाकडे गेले. आयुष्यात कोणापुढे हात न पसरलेला माणूस, फार आढेवेढे घेऊन बोलला. मुकादमाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “लई जड असतंय का ओ ते?” मग जेवणाच्या सुट्टीत टोळीला हाक मारली.

फळी त्यांनी बाजूलाच काढली. पाच-सहा माणसं चरात उतरून दोन रांगांत समोरासमोर उभी राहिली, त्यांत दोन बायकाही होत्या. अलीकडून बीम त्यांच्या हातांवर दिलं, त्यांनी ते डोक्याच्या वर धरून पलीकडे सरकवलं, पलीकडच्यांनी उचलून थेट कारखान्यात नेलं. चिखलाचा एक थेंब सुताला लागला नाही. बाबा काठावर दोन्ही हात पुढे करून उभे होते, कशालाच हात न लावता, जणू त्यांच्यावाचून ते पडलं असतं. आठही बीम अशीच आत गेली. आईने मोठ्या पातेल्यात चहा टाकला. त्या बायकांपैकी एकीने खोलीत डोकावून विचारलं, “ह्याच्यावर लुगडं व्हतं का?” बाबांनी तिला आत बोलावून एक माग हाताने फिरवून दाखवला.

या लोकांना सरकारने चर खणायचे पैसे दिले होते, आमची बीम वाहायचे नव्हेत. ते जेवणाची सुट्टी सोडून चिखलात उभे राहिले. बाबा पैसे देऊ लागले तर मुकादम म्हणाला, “चहा झाला की.” ती टोळी पुढच्या कामावर गेली आणि पुन्हा दिसली नाही. मी त्यांचे आभार नीट मानले की नाही ते आठवत नाही, म्हणून इथे मानते.

कारीगरांना फोन गेले. दापोड्याचे लगेच आले, गावचे आठवड्याभरात. पहिला माग सुरू झाला तेव्हा आई गॅस बंद करून नुसतीच ऐकत उभी राहिली.

वाद कोण जिंकलं हे दादा अजून विचारतो. मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. शेजारच्या गल्लीतही रस्त्याचाच पैसा आला, तिथे अजून खडी पडून आहे. करातली सवलत आमच्या ओळखीच्या कितीतरी जणांना मिळाली, त्यांच्या दारात नव्या गाड्या आल्या आणि आमच्या कारखान्यात धागाही आला नाही. सरकारने ऑर्डर दिली नसती तर चाचांनी बेगमचं ऐकलं असतं, आणि हाती पैसा नसता तर ऑर्डर घेऊन ते सुतासाठी दारोदार फिरले असते. एवढं झालं तरी, चर पडला नसता तर माग आधीच वितळून गेले असते. वर्गात मी हल्ली हा धडा जरा जास्त वेळ शिकवते. मुलं कंटाळतात. उत्तरात चाचांच्या बेगमचा उल्लेख कुठे करायचा ते मला अजून जमलेलं नाही.

रस्ता झाला, चांगला झाला. आणि भंगारवाला शब्दाप्रमाणे आला. काम आठच मागांचं होतं, ते आठ नीट चालवायला सुट्या भागांसाठी पैसे लागत होते, आणि बाबांनी इसार घेतलेला होता. त्यांनी भंगारवाल्याला समोर बसवून सगळं सांगितलं. तोही भला माणूस, चार मागांवर राजी झाला. सगळ्यांत जुने चार बाबांनी स्वतः निवडले. माग अख्खा दारातून निघत नाही, घण घालून फोडावा लागतो. म्हणून त्यांनी शुक्रवार ठरवला. शुक्रवारी भिवंडीचे माग बंद असतात, कारीगर सुट्टीवर असतात, निदान त्यांच्या डोळ्यांसमोर नको.

शुक्रवारी सकाळी बाबा वरच बसून राहिले. ट्रक लागल्याचा आवाज आला, माणसं आत शिरल्याचा आवाज आला, आणि बाबांनी डोळे मिटले. मीही घणाची वाट बघत राहिले. तेवढ्यात खडखडाट सुरू झाला. एक माग, मग दुसरा, मग सगळे. बाबा ताडकन उठून जिना उतरले, मी मागोमाग.

आठही मागांवर कारीगर उभे होते, सुट्टीचे धुतलेले कपडे घालून. बाबा सगळ्यांत वयस्कर कारीगराजवळ जाऊन ओरडले, “आज शुक्रवार हाय. छुट्टी है तुम्हारी। बंद करो!” त्याने कानाकडे बोट दाखवलं, काही ऐकू येत नाही अशी मान हलवली आणि धोट्यातली संपलेली सुताची कांडी बदलायला घेतली. आम्ही आयुष्यभर याच आवाजात एकमेकांशी बोललोय. त्याला सगळं ऐकू आलं होतं.

पलीकडच्या कोपऱ्यात घण वर जाताना दिसत होता, खाली येताना दिसत होता, आणि त्याचा आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता. बाबांनी थोडा वेळ पाहिलं. मग कोपऱ्याकडे पाठ केली, कारीगराच्या हातातली कांडी घेतली आणि ट्रक जाईपर्यंत त्याच्या शेजारी उभं राहून काम केलं. त्या दिवसाची मजुरी मागायला कोणी आलं नाही.