हाक पोचणारं नाव

माझ्या मुलीच्या बारशाला मी माझ्या आत्याला पाळण्यापासून उठवलं. चारचौघींसमोर उठवलं, आणि तेव्हा जे बोललो ते आज केस पिकू लागले तरी विसरता येत नाही. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. मला बहीण नव्हती, म्हणून तो मान माझ्या आत्याकडे आला होता. तो मी तिच्याकडून काढून घेतला.

आत्या आमच्याकडेच राहायची. तिचा नवरा गोसाव्यांच्या मागे निघून गेला, तो परतला नाही. मला नीट चालताही येत नव्हतं तेव्हा माझी आई गेली. मला वाढवलं ते आत्यानं.

जबलपुरात, ओमतीच्या आसपास मराठी घरं तशी थोडीच. त्यांतल्या कुणाकडे मुलगी झाली की नावासाठी आत्याला बोलावणं यायचं. तिची रीत ठरलेली होती. सुचवलेलं नाव ती ऐकून घ्यायची, पदर खोचून अंगणात जायची आणि विहिरीपाशी उभी राहून त्या नावानं खणखणीत हाक मारायची. मुलगी अजून पाळण्यातसुद्धा पडलेली नसायची. "यमुनाऽऽ!" "द्वारकाऽऽ!" शेजारच्या भिंतीपलीकडून कुणी डोकावलं तर नाव पसंत.

"सदरच्या छावणीत गोऱ्यांचा बँड वाजून राहिला असला तरी पोरीला ऐकू आलं पाहिजे," ती म्हणायची. एका मास्तरांनी हौसेनं 'मृदुला' काढलं होतं. आत्यानं दोनदा हाक मारून पाहिली आणि मान हलवत आत आली. "अर्धं नाव विहिरीतच पडलं, मास्तर."

मी एकदा तिला विचारलं होतं, "तुला सगळी जुनीच नावं काहून आवडतात?"

"हाका मारमारून गुळगुळीत झाली आहेत रे ती. घशाला टोचत नाहीत."

माझी मुलगी झाली तेव्हा मी नागपुरात शिकून आलेला, कचेरीत नवा नवा लागलेला. मुलीचं नाव मी 'ज्योत्स्ना' ठरवलं. आत्याचे पुढचे दात पडले होते. चुलीपाशी बसून ती ते नाव घोकायची. कधी 'जोशना' यायचं, कधी 'जोसत्ना', आणि मग स्वतःच हसायची. बारशाच्या दिवशी पाळण्याशी वाकताना तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "एकदा काशी म्हणून पाहा ना. कसं सुटसुटीत आहे."

बायका हसल्या. मला वाटलं, मलाच हसल्या. मी म्हणालो, "काशी? हे मोलकरणीचं नाव झालं. आणि मी ठेवलेलं नाव तुझ्या बोळक्यातून काही निघायचं नाही. ऊठ तू. दुसरं कुणीतरी सांगेल."

आत्यानं हातातली पाळण्याची दोरी सोडली. मग "अच्छा" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. शेजारच्या एका मुलीनं 'कुर्रर्र' केलं. नाव सांगणारीच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, पण कुणाचा हात उठला नाही.

त्यानंतर आत्या कुणाच्या बारशाला गेली नाही. "दात नाहीत आता," एवढंच सांगायची. घरात मुलीला नुसतं "बाळ" म्हणायची. पनागरचा दूधवाला मुलीला "जोसना बिटिया" म्हणायचा, पलीकडच्या मिसराइन "जोछना" म्हणायच्या, आणि बायकोनं कंटाळून "बेबी" सुरू केलं. पूर्ण नाव घेणारा घरात मी एकटाच उरलो.

मुलगी शाळेत जाऊ लागली होती त्या सुमाराची गोष्ट. अंगात कसकस होती म्हणून मी दुपारीच कचेरीतून घरी आलो. दारात पाऊल ठेवलं आणि मागच्या अंगणातून हाक ऐकू आली.

"काशीऽऽ!"

"आले, आले!" असं ओरडत माझी मुलगी माझ्यासमोरून विहिरीकडे पळाली.

मी मागोमाग गेलो. मला पाहून आत्याच्या हातातला दोर सुटला. "रोज नाही म्हणत रे," ती घाईघाईनं म्हणाली. "तू नसला की कधीमधी."

"पण हेच नाव काहून, आत्या?"

ती विहिरीच्या काठावर टेकली. "तुझ्या आईचं आहे. माहेरचं. लग्नात तिचं नाव इंदिरा ठेवलं, ते तिला कधी आपलं वाटलंच नाही. इथं पाण्याला आम्ही दोघीच असलो की मी तिला काशी म्हणायची. अशी हसायची, बाप्पा!"

आईचं माहेरचं नाव मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

"मग त्या दिवशी सांगितलं काहून नाही?"

"कसं सांगू? तू मोलकरणीचं म्हणालास. त्यावर, ते तुझ्या आईचं आहे, असं बायकांसमोर कोणत्या तोंडानं सांगू? तिचं नाव मी पदराखाली झाकून घेतलं."

मी मान खाली घातली आणि पुटपुटलो, "चुकलो."

आत्याला तोवर कमी ऐकू येऊ लागलं होतं. की तेवढ्यापुरतंच, कोण जाणे. "काय म्हणून राहिला? मोठ्यानं म्हण."

"चुकलो, आत्या."

"विहिरीतच पडलं."

मग ती नावासाठी जिथं उभी राहायची तिथं, विहिरीपाशी, मी उभा राहिलो. मुलगी दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती. मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो, "आत्या, मी चुकलो! माझ्या आईच्या नावाला वाईट बोललो, तुला पाळण्यापासून उठवलं. मला माफ कर!"

मिसराइन भिंतीवरून डोकावल्या. "क्या हुआ, भैया?"

आत्यानं डोळ्यांना पदर लावला.

"अच्छा," ती म्हणाली. "आता पोचलं."