कोपराच्या मापाचा ओटा

...तर जीवराम नानांनी दुकानाच्या दारातच चपला काढल्या, इथवर काल आपण आलो होतो. जळगावच्या बाहेर, हायवेला लागून ते दगडांचं दुकान. पत्र्याची मोठी शेड, आणि तिच्यात माणसाहून उंच दगडी फळ्या लोखंडी घोड्यांना टेकवून उभ्या केलेल्या. त्यांतल्या एका फळीत नानांना टोपीसकट आपलं अख्खं रूप दिसलं आणि पाय आपोआप चपलांतून बाहेर आले.

"काका, चपला घाला," दुकानाचा शेठ म्हणाला. "इथं देव नाही, फरशी आहे. पायात कपची घुसेल."

"इतकं चकचकीत त आमच्या गावच्या देवयातबी नही," नाना म्हणाले.

शेठ हसला. नानांची मुलगी नूतन धुळ्याहून मुद्दाम आली होती, तीही हसली. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या सुंदरबाईंनाही हसू आलं, पण ते अर्ध्यावर थांबलं आणि त्यांचा हात पोटावर गेला. नानांनी ते पाहिलं आणि चपला घालायच्या सोडून तसेच उभे राहिले.

आता हे तिघं तिथं का गेले ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट लंगडी होईल.

सुंदरबाई सावद्याच्या. ताडमाड उंच बाई. जीवराम नाना तर त्यांच्याहून वीतभर उंच. लग्नात अंतरपाट धरणाऱ्या दोघांचे हात भरून आले, तरी नवरा-नवरी एकमेकांना वरून दिसतच होते. मंगलाष्टकं संपायच्या आत दोघं हसले म्हणून भटजी रागावले, असं त्या गावात अजून सांगतात. मुक्ताईनगरच्या पुढं, तापीच्या अंगाला त्यांचं गाव. केळीची बाग, थोडी कपाशी, आणि घरात सासू.

सासू बुटकी. आणि स्वयंपाकाचा ओटा सासूच्या मापाचा. ओटा बांधायची रीत अशी, की घरात जी बाई रांधते तिला मिस्त्री भिंतीशी उभी करतो, हात कोपरात वाकवायला लावतो आणि कोपराच्या खाली चार बोटं सोडून भिंतीवर खूण करतो. त्या खुणेवर ओटा. मग बाईला वाकावं लागत नाही. सासूबाईंनी उभं राहून तो शहाबादी फरशीचा ओटा करून घेतला होता, आणि सुंदरबाई आल्या तेव्हा तो त्यांच्या मांडीला लागत होता.

पहिल्याच आठवड्यात नव्या सुनेनं गॅसखाली दोन विटा ठेवल्या. सासूनं त्या उचलून अंगणात टाकल्या. "माह्या वट्याले विटा लावते? मी काय बुटकी हाये?" आता ती बुटकी होती हे आख्ख्या गावाला ठाऊक, पण सांगणार कोण? सुंदरबाई वाकल्या. कळण्याची भाकरी थापायला वाकल्या, फोडणी द्यायला वाकल्या, बागेवरच्या मजुरांचा चहा करायला वाकल्या. नूतन पोटात असताना वाकता येईना, तेव्हा तिरक्या उभ्या राहून रांधलं. हळूहळू पाठीला असा बाक आला की नव्या माणसाला वाटावं, बाई जन्मतःच अशी.

सासू वारली. सुंदरबाई म्हणाल्या, "आता वटा उंच करू." नाना म्हणाले, "आईची आठवन हाये, राहू दे." मग वर्ष उलटल्यावर म्हणाले, "पुढची बाग निंघू दे, पैसे येऊ दे." भुसावळला बहिणीच्या घरी सुंदरबाईंनी पांढरा शुभ्र ओटा पाहिला होता. तो त्यांच्या मनात बसला. दुधासारखा, म्हणायच्या. बाग निघायची, दुसरी लागायची, आणि नानांचं उत्तर तेच. नाना वाईट माणूस नव्हता हो. बायकोवर हात नाही, शिवी नाही, दारू नाही. पण त्या ओट्यासमोर ते आयुष्यात कधी उभेच राहिले नव्हते, तर पाठ दुखते म्हणजे काय दुखते हे कळणार कसं?

नूतनच्या बाळंतपणाला सुंदरबाई धुळ्याला गेल्या, तेव्हा नानांनी एकदा कुकर लावला. तांदूळ घातले, डाळ घातली, मीठसुद्धा घातलं. पाणी घालायचं राहिलं. तो धूर पाहून शेजारी बादल्या घेऊन धावले. तेव्हापासून बायको परत येईपर्यंत या माणसानं सकाळी केळी खाल्ली, दुपारी केळी खाल्ली, आणि संध्याकाळी कुणी भरीत-भाकरी दिली तर ती. सगळं गाव हसलं. सुंदरबाईसुद्धा हसल्या, पण नंतर भुसावळच्या बहिणीजवळ म्हणाल्या, "मी आधी गेली त हा मानूस उपाशी मरीन."

आणि मग या दिवाळीनंतर त्यांचं पोट दुखायला लागलं. गावच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. दुखणं वाढलं तेव्हा जळगावला नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरनं नानांना एकट्याला आत बोलावलं. आजार यकृतात पसरला होता. आता कापण्यासारखं काही नाही, म्हणाला, दुखू नये एवढं बघू. पावसाळा गाठला तर देवाची कृपा.

नाना बाहेर आले आणि बायकोला म्हणाले, "आतड्याले सूज हाये. बरी होते."

नूतनला मात्र फोनवर खरं सांगितलं, आणि बापलेकीचं ठरलं की आईला कळू द्यायचं नाही.

बसस्टँडवर नानांनी उसाचा रस घेतला. सुंदरबाईंनी ओठ लावून ग्लास खाली ठेवला. तेवढ्यात नाना म्हणाले, "वटा करू. पांढरा."

सुंदरबाईंनी विचारलं, "पुढच्या बागेले?"

"नही. आताच. ह्याच महिन्यात."

सुंदरबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मुक्ताईनगरची बस लागली, लोक चढले, कंडक्टर ओरडला, तरी त्या पाहतच होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "बरं." नानांना वाटलं, बाई खूश झाली. बसमध्ये खिडकीशी बसून ते मनातल्या मनात दिवस मोजत होते. दगड कधी येईल, मिस्त्री कधी येईल, आणि त्या ओट्याशी ताठ उभी राहून ही एक तरी भाकरी थापेल की नाही.

म्हणून ते दुकान.

शेठनं पांढऱ्या फळीवर मगानं पाणी मारलं. धूळ निघाली आणि फळी खरंच दुधासारखी उजळली. "काकू, नॅनो म्हणतात याला, कारखान्यात बनवतात. आता शहरात सगळे हाच घेतात."

सुंदरबाई नूतनच्या खांद्याला धरून उठल्या. तळहात फळीवर ठेवला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात.

"ह्याच्यावर हयद लागली त?" सुंदरबाईंनी विचारलं.

"हळद लगेच पुसायची."

"अन् नही पुसली त?"

"मग डाग धरतो. जात नाही."

"चुलीवरची गरम कढई ठेवली त?"

"थेट नाही ठेवायची काकू. खाली जाळी ठेवायची."

"अन् इसरून ठेवली त?"

शेठ हसला. "तुम्ही कशाला विसराल? तुमच्या हाताला वळण दिसतंय."

"मी नही इसरनार," सुंदरबाई म्हणाल्या आणि हात काढून घेऊन शेजारच्या काळ्या फळीकडे दाखवला. "तो काया कसा हाये?"

"तो ग्रॅनाइट. त्याला काय होतंय? तेल सांडा, गरम ठेवा, भांडी आपटा. त्याच्यावर बैल बांधला तरी चालतो."

"मंग तो."

"आई!" नूतन म्हणाली. "तुला पांढरा हवा होता ना?"

"हवा होता. आता नको."

"काबर नको?" नानांचा आवाज चढला. "पैशाचा इचार करू नको तू. पांढरा घे."

"तुमी कधी वट्याजवय उभे रायले?" सुंदरबाई म्हणाल्या. "मंग बोलू नका." आणि खुर्चीत बसून त्यांनी डोळे मिटले.

घरी येताना नानांना वाटलं, जन्मभर काटकसर केलेल्या बाईला शेवटीसुद्धा हौस करता येत नाही. दुसऱ्या दिवशी केळीच्या बागेत उभं राहून त्यांनी शेठला फोन लावला. "पांढराच पाठवा. तिले सांगू नका." फोन ठेवला आणि एका झाडाला टेकून, शर्टाची बाही तोंडात धरून रडले.

त्या दिवसांत सुंदरबाईंनी एक नवीन खोड काढली. पडवीत खाट टाकून घेतली, जिथून स्वयंपाकघर दिसतं, आणि नवऱ्याला कामं सांगायला लागल्या. "मले उठवत नही. चहा ठेवा." नाना चहा ठेवायचे. तो उतू जायचा. "भात टाका. पानी बोटाच्या दोन पेरांएवढं." नूतन उठली की त्या तिला हातानं खाली बसवायच्या. "तू बस. तू धुयाले तुह्या घरी चालली जाशीन." नूतननं कितीदा म्हटलं, बाबा पुढं आमच्याकडे येतील. सुंदरबाई नुसत्या हसल्या. जावयाच्या दारी पाहुणा म्हणून दोन दिवस राहून तिसऱ्या दिवशी पिशवी उचलणारा हा माणूस, हे त्या ओळखून होत्या.

एकदा नानांनी जळती कढई चिमट्यानं उचलली आणि घाबरून ओट्यावर थेट ठेवली. शहाबादीच्या कडेची कपची ताडकन उडाली. नानांनी चोरट्या नजरेनं पडवीकडे पाहिलं. सुंदरबाई पाहत होत्या.

मग समाधान मिस्त्री आला. त्यानं जुना ओटा फोडला. सासूबाईंचं माप भिंतीवर तेवढं उरलं, धुरानं काळी पडलेली एक आडवी रेघ. दुपारी दारात टेम्पो थांबला. आत दोऱ्यांनी बांधलेली, चिंध्यांनी गुंडाळलेली फळी उभी होती. चिंधी एका जागी सरकली होती आणि तिथून पांढरं दिसत होतं.

सुंदरबाईंनी खाटेवरून ते पाहिलं. नानांनी मान खाली घातली.

"तुह्यासाठीच," ते म्हणाले. "एवढी एक गोष्ट करू दे मले."

सुंदरबाई उठल्या. आता उठताना भिंत धरावी लागत होती. अंगावरचं लुगडं सैल झालेलं, डोळे पिवळे. स्वयंपाकघरात येऊन त्या भिंतीवरच्या काळ्या रेघेशी उभ्या राहिल्या. नूतन मागून धरायला आली, तिला त्यांनी बाजूला केलं.

समाधान मिस्त्रीनं खिशातून टेप काढला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण मिस्त्री लोकांना घर कळतं. तो हळू बोलला, "मावशी, जेवढं जमेल तेवढं ताठ उभ्या रहा. हात कोपरात वाकवा. बस, एक खूण करतो."

सुंदरबाईंनी हात वाकवला नाही.

"माह्यं नको," त्या म्हणाल्या. "त्याहिचं घे."

"कुणाचं?"

त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं.

मिस्त्री कसनुसा हसला. "मावशी, नानांच्या मापाचा ओटा केला तर छातीला येईल सगळ्या बायांच्या. गाव काय म्हणेल मला?"

"येऊ दे."

"आई, असं काय करतेस?" नूतन म्हणाली.

"काय लावलं व हे?" नाना पुढं झाले. "मले काय करनं हाये वट्याशी? तू बरी होशीन, तू रांधशीन. तुह्या मापाचा करू दे त्याले. तेवढ्यासाठी त मी..." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, माल उतरवायचा की नाही म्हणून.

सुंदरबाईंनी भिंतीवरच्या त्या रेघेवर हात ठेवला, दम घेतला, आणि म्हणाल्या,

"ज्या दिवशी तुमी दवाखान्यातून निंघून वट्याले हो म्हनले ना, त्याच दिवशी मले समजलं. इतक्या बागा निंघाल्या, कधी हो नही म्हनले तुमी. मी जनमभर दुसरीच्या कोपराच्या वट्यावर वाकली, माह्यी पाठ पाहा. आता माह्या मापाचा केला, त तुमी वाकसान. पांढऱ्यावर हयद सांडसान, पुसायचं ध्यान रायनार नही, अन् मंग रोज त्या डागाकडे पाहून रडत बससान, भात करपून जाईन. तो पांढरा परत धाडा, काया आना. मिस्त्री, घे टेप. अन् तुमी तोंड काय फिरवता तिकडे? कोपर वाकवा."