विनिता आणि हिंदीतलं 'कल'

विनिता माझी धाकटी जाऊ. ग्वाल्हेरला वाढलेली. इकडे हिंदी मुलखात, अवधपुरीत आम्ही एकाच घरात राहतो, ती आणि उदयभावजी वर, आम्ही खाली, स्वयंपाक मात्र एक. तिने इंग्रजीत एम.ए. केलं तेही घरूनच, परीक्षेपुरतं जाऊन. जवळच्या एका शाळेत ती तिसरीला इंग्रजी शिकवते. तिच्याबद्दल लिहायचं म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येतो तिचा फोन, मिसळणाच्या डब्याला टेकवून उभा केलेला. पोळी तव्यावर, लक्ष फोनमध्ये.

"अगं, करपतेय!"

"एकच मिनिट, वहिनी. केनियातल्या एक बाई काय सांगतायत बघा तरी."

अशी एक साइट आहे म्हणे. जगभरचे इंग्रजीचे शिक्षक तिथे आपापले खेळ, गाणी, वर्गातल्या युक्त्या लिहून ठेवतात. ज्याला हव्या त्याने घ्याव्यात. मला तर तो सत्संगच वाटला. कुणी कुणाला ओळखत नाही, पण जवळचं देऊन जातो.

फेब्रुवारीत शाळेच्या प्रिन्सिपल मॅडमनी विनिताला बोलावलं. तिची मुलं 'येस्टर्डे'च्या जागी 'टुमॉरो' म्हणतात, 'टुमॉरो'च्या जागी 'येस्टर्डे', पालक तक्रार करतात. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी मॅडम स्वतः वर्गावर येणार होत्या. मुलांना जमलं तर ठीक, नाहीतर नव्या सत्रापासून इंग्रजी दुसऱ्या कुणाला आणि विनिताला चित्रकला. विनिताला धड बदकही काढता येत नाही!

घरी आली, पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "वहिनी, इंग्रजी मी सोडणार नाही."

मुलांचं तरी काय चुकलं? आपल्या मराठीत काल वेगळा, उद्या वेगळा. हिंदीत होऊन गेला तोही कल आणि यायचा तोही कल. फळ्यावर दहादा लिहून दिलं तरी पोरांच्या मनात दोन्ही एकाच खणात पडतात.

तिने त्या साइटवर प्रश्न टाकला. आजवर नुसतं वाचायची, लिहिलं ते पहिल्यांदाच. घाईत 'स्टुडंट्स'पुढे 'गोज' पडलं. झालं! कुणीतरी खाली लिहिलं, आधी स्वतःचं व्याकरण सुधारा, मग मुलांचं बघा.

उदयभावजी जेवता जेवता म्हणाले, "छान! आतापर्यंत अवधपुरीपुरतं होतं, आता जगभर नाव काढलंस."

"तुम्ही आमटी वाढून घ्या," विनिता म्हणाली. डोळे भरले होते तिचे. मला वाटलं, आता प्रश्न पुसून टाकेल. तिने 'गोज'चं 'गो' केलं, त्या माणसाला थँक्यू लिहिलं आणि प्रश्न तिथेच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, नेपाळमधल्या एका शिक्षिकेचं. समजावून सांगू नका, मुलांच्या हातात द्या, असं तिने लिहिलं होतं. शेवटी उलट विचारलं होतं, तुमच्याकडे एका रात्रीत बदलणारं असं काय आहे, जे मुलं रोज बघतात?

विनिता दोन दिवस हेच पुटपुटत होती. दूध? दही? चंद्र? तिसऱ्या दिवशी मी पूजेला बसले होते. गणपतीवरची आदल्या दिवशीची जास्वंद उतरवली, ताजी वाहिली. दुसऱ्या दिवशीच्या कळ्या वाटीत पाण्यात ठेवल्या होत्या. पाठीमागून विनिता एकदम ओरडली, "वहिनी, हलू नका!"

मी दचकले. घंटा हातातून पडायची राहिली.

"हे येस्टर्डे, हे टुडे, ही टुमॉरो. मला तिन्ही द्या."

"देवाचं निर्माल्य वर्गात नेणार? पायदळी येईल गं."

"पायदळी नाही, हातोहात जाईल. आणि परत आणून मातीतच घालीन. तुमची शपथ."

मी गणपतीकडे पाहिलं. त्याची काही हरकत दिसेना. डबाभर फुलं दिली.

त्या दिवशी म्हणे पोरांनी मिटलेलं, उमललेलं, सुकलेलं असं एकेक फूल हातात घेऊन वाक्यं केली. कळ्या वाटीत खिडकीशी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी वर्ग उघडताच एक मुलगी किंचाळली, "मैडम, टुमॉरो टुडे हो गया!" आणि आदल्या दिवशीचं टुडे सुकून येस्टर्डे झालेलं. मग आठवडाभर रोज सकाळी माझी परडी निम्मी रिकामी व्हायची.

शनिवारी विनिता दहीसाखर न घेताच निघाली होती, मी फाटकापर्यंत वाटी घेऊन धावले. शाळा सुटेपर्यंत माझं जपात लक्ष लागेना.

आली ती हसतच. प्रिन्सिपल मॅडमनी पहिल्याच बाकावरच्या मुलीला उठवलं होतं. "बेटा, 'कल' पर अंग्रेज़ी में एक वाक्य बोलो."

पोरीने शांतपणे विचारलं, "मैडम, कौन-सा कल? येस्टर्डे वाला या टुमॉरो वाला?"

मॅडम म्हणाल्या, "दोनों." पोरीने दोन्ही वाक्यं सांगितली, न चुकता. इंग्रजी विनिताकडेच राहिलं.

संध्याकाळी तिने ते सगळं त्या साइटवर लिहिलं, आपलं नाव घालून. पाठवण्याआधी मला म्हणाली, "पुन्हा काही चुकलं असेल तर?"

"तर सुधार," मी म्हटलं.

आज नेपाळच्या त्या बाईंचं उत्तर आलंय. त्यांच्याकडे सध्या फुलं नाहीत, म्हणून त्यांनी केळी नेली, हिरवं, पिवळं, काळं. येस्टर्डे आणि टुमॉरो छान झाले. टुडे मात्र मुलांनी खाऊन टाकलं.