प्रेमलाचा पाय ब्रेकवर

माकुणसारच्या शांताराम चुरींनी, म्हणजे गावाच्या भाऊंनी, बोईसरच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून सगळी नोकरी काढली. हेल्मेट घाला, कठडा धरून उतरा, हे लोकांना सांगता सांगता ते निवृत्त झाले आणि घरी येऊन वडिलांच्या वेळच्या मोटारीत बसले. तिला ब्रेक असे जवळजवळ नव्हतेच. पण सुरक्षा ही कारखान्यात पाळायची गोष्ट, घरी कशाला, असा भाऊंचा प्रामाणिक समज होता.

मग एकदा सफाळ्याजवळचा घाट उतरताना गाडी थांबेना. थांबली ती कुणाच्या तरी पेंढ्याच्या उडवीत शिरून. शेजारी बायको, प्रेमला. तिने केसांतला पेंढा काढला आणि शांतपणे सांगून टाकलं की आपण ह्या गाडीत परत बसणार नाही. तेव्हापासून ती बाजारालासुद्धा रिक्षाने जायची. भाऊ गाडीतून एकटेच मागून. गावातली हिरा एकदा तोंडावर म्हणाली, "भाऊ, वयनीला सोडायला जाता का वयनीवर नजर ठेवायला?" हे मात्र लागलं. काही झालं तरी प्रेमला शेजारच्या सीटवर परत बसायला हवी होती.

म्हणून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचं ठरलं, तेही घरीच. सफाळ्याचा मेकॅनिक विपुल मदतीला येतो म्हणाला, तर भाऊंनी त्यालाच तो चपला घालून काम करतो म्हणून भाषण दिलं. वाडीत गाडी ठोकळ्यांवर चढली. मोबाइलवर व्हिडिओ बघत भाऊंनी जुने ड्रम काढले, डिस्क बसवल्या, नळ्या जोडल्या. सगळं जागच्या जागी बसलेलं पाहून त्यांना स्वतःबद्दल आदर वाटला.

उरली फक्त नळ्यांतली हवा काढायची. त्याला माणसं लागतात दोन. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी नट सैल करून हवा सोडायची आणि नट परत आवळायचा. मगच वरच्याने पाय उचलायचा. भाऊंनी बराच वेळ विचार केला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"ठोकळ्यावरची गाडी म्हंजे गाडी नाय, खुर्ची हाय," असं म्हणत प्रेमला बसली.

भाऊ खालून ओरडायचे, दाब. ती दाबायची. भाऊ ओरडायचे, सोड. ती सोडायची. दुपार सरली, ब्रेकच्या तेलाची बाटली संपली, दुसरी फोडली, आणि पेडल आपलं भिजल्या पोह्यासारखं मऊ. भाऊंनी नळ्यांना दोष दिला, व्हिडिओतल्या माणसाला दिला, शेवटी प्रेमलाच्या पायालाही दिला. तेव्हा तिने पेडल तसंच दाबून ठेवलं आणि दारातून वाकून खाली पाहिलं.

"तुमी सोड कधी बोलता?"

"नट आवळला की."

"आवळायच्या आदी. हुकूम पयला, हात मागून. आता पण पाना शोधताय तुमी."

भाऊंच्या हातात खरंच पाना नव्हता. तो गवतात पडला होता. म्हणजे ते सोड म्हणायचे, ती पाय उचलायची आणि उघड्या नटातून हवा पुन्हा आत.

"कारखान्यात चाललं असंल," ती म्हणाली. "आता नट आवळला की आवळला इतकंच बोला. पाय माजा हाय, मी उचलीन."

संध्याकाळच्या आत पेडल दगडासारखं घट्ट झालं. आधी वाडीच्या रस्त्यावर हळूहळू चालवून पाहिली, मग दुसऱ्या दिवशी घाटात. प्रेमला शेजारी, पदर खोचून. ऐन उतारावर ती म्हणाली, "थांबवा." गाडी जागच्या जागी थांबली. भाऊंनी लगेच तिच्याकडे वळून ड्रम आणि डिस्क यांतला मूलभूत फरक समजावायला घेतला.

"बसंन मी," तिने मध्येच तोडलं. "रोज बसंन. पण गाडीत सूचना नाय. ना मला, ना रस्त्याला."

भाऊंनी मान हलवली. गाडी पुढे निघाली. वळणावर एक मोटारसायकल समोरून आली, तिघं बसलेले, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही. भाऊंचं तोंड उघडलं. त्यांनी बाजूला पाहिलं, तोंड मिटलं, आणि घाट संपेपर्यंत त्यांचा चेहरा लालबुंद होता.