ताटावर ठरलेला संघ

लोकांना जेवताना बघून फुटबॉलचा संघ निवडणारा माणूस साऱ्या जगात एकच झाला असेल, आणि तो नव्वदीच्या दशकात दुबईत आमच्या क्लबचा कोच होता. मी तिथे हिशेबनीस. तरुणपणी फ्रान्समध्ये स्वतः उत्तम खेळलेले हे साहेब सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेला अनवाणी फिरत, आकाशाकडे बघत, जणू समुद्रावर हवा खायला आलेत. पण दुपारी सगळे एका मोठ्या थाळ्याभोवती भाताला बसले की त्यांचे डोळे लख्ख उघडत. मटणाचा चांगला तुकडा कोण स्वतःकडे ओढतो आणि कोण शेजाऱ्याकडे सरकवतो, यावर पुढच्या सामन्याचा संघ ठरे. "शेजाऱ्याची रिकामी बाजू ज्याला ताटात दिसते, त्याला ती मैदानातही दिसते," असं ते मला मोडक्या इंग्रजीत समजावत. एकदा दुबईच्या करामा भागातल्या आमच्या घरी जेवायला आले, तेव्हा शेवटच्या भज्याकडे माझा हात गेला आणि साहेबांनी खेदाने मान हलवली. "हबीबी, तू राखीव खेळाडूंत." बायकोने आपलं भजं मुलीला दिलेलं, तिची थेट संघात निवड. "अहो, इतकी वर्षं मी काय सांगत होते? त्याला फ्रान्सहून माणूस यावा लागला!" ती म्हणाली. मुलगी खिदळली, "बाबा, यू आर ऑन द बेंच!"

मोसमाच्या शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी झाली असती, तरी क्लब वरच्या गटात राहिला असता आणि साहेबांची नोकरीही. हरलो तर दोन्ही खलास. अशा वेळी साहेबांनी सर्वांत जास्त गोल करणाऱ्यालाच बाहेर बसवलं, कारण तो ताटात हावरा. त्याच्या जागी घेतला एक बुजरा गडी, जो आपल्या वाटचं मटण वाटून नुसता भात खायचा. क्लबचे मॅनेजर माझ्यामागे लागले, "साहब को समझाओ ना, भाई!" मी दोघांचे गोल कागदावर मांडून दाखवले. साहेब म्हणाले, "आकडे जेवत नाहीत."

शेवटची मिनिटं उरली तेव्हा आम्ही एका गोलने मागे होतो. बुजऱ्याच्या पायात बॉल आला, समोर गोल मोकळा. त्याने तो शेजारून धावत आलेल्या कॅप्टनकडे अदबीने सरकवला. कॅप्टन जुना बचावपटू, उभ्या कारकिर्दीत एक गोल नाही. असं काही आपल्या पुढ्यात येईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तो नुसता बघत राहिला आणि बॉल त्याच्यासमोरून हळूहळू रेषेबाहेर गेला. स्टेडियमने डोक्याला हात लावला. साहेब एकटेच टाळ्या वाजवत होते.

एअरपोर्टवर मीच त्यांना सोडायला गेलो. गाडीत राहवेना. "साहेब, त्या एका पासने नोकरी गेली. वाईट नाही वाटत?" बाहेर उन्हात वाळू आणि आकाश एक झालं होतं. तिकडे बघत ते म्हणाले, "मी खेळायचो तेव्हा गोल मोकळा असताना मला कुणी बॉल दिला नाही. मीही कधी कुणाला दिला नाही."

त्यानंतर क्लबचे कितीतरी सामने पाहिले. एकाचाही निकाल आठवत नाही, आणि माझ्यासारख्या आकडे न विसरणाऱ्याला हे शोभत नाही. तो बॉल मात्र अजून गवतावरून सावकाश येताना दिसतो, आणि दर वेळी वाटतं, आता कॅप्टन पाय उचलेल.