करंटकाकांचे बोट

लहान इंजिनांच्या दुरुस्तीत करंटकाकांचे नाव झाले ते त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीमुळे. गवत कापायचे यंत्र सुरू होत नसेल, तर इतर कारागीर प्लग काढून ठिणगी डोळ्यांनी पाहत. काका प्लगच्या वायरचे टोक बोटाला लावत आणि डाव्या हाताने दोरी ओढत. झटका बसला की ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल ठीक. नाही बसला की कॉइल गेली. गिऱ्हाइकांनी दिलेले 'करंटकाका' हे नाव त्यांनी पदवीसारखे मिरवले. टेस्टर घ्या म्हणणाऱ्यापुढे ते बोट नाचवत, "हा काय टेस्टर! सेलसुद्धा लागत नाहीत."

शाळेच्या मैदानाचा माळी तेच यंत्र तिसऱ्यांदा घेऊन आला, तेव्हा त्याच्या थट्टेला धार होती.

"काका, याला तुमच्याकडच्या माहेरपणाची चटक लागलीय. तिकडे दोन पट्टे कापले की रुसतंय, इथं पहिल्या हाकेला ओ देतंय."

"कॉइल बदलल्यावर चालतं ना?"

"चालतं की. मैदानाच्या मध्यावर पोचेपर्यंत."

माळी यंत्र ठेवून गेला. काकांना हसू आले नव्हते. पहिल्या खेपेला बोटाला काही लागले नाही, म्हणून त्यांनी कॉइल बदलली आणि इंजिन सुरू झाले. दुसऱ्या खेपेलाही तेच. सुरू झालेल्या इंजिनाला पुन्हा बोट लावून पाहण्याचे कारणच नव्हते. आजही वायर बोटाला लावून त्यांनी दोरी ओढली, आणि आजही काही लागले नाही. कोऱ्या कॉइली अशा एकामागून एक मरतात कशा?

काकू जेवायला बोलवायला आल्या. काकांना साखरेचे दुखणे जडल्यापासून जेवणाची वेळ त्या टळू देत नसत. त्यांची नजर नवऱ्याच्या तळहातावरच्या फोडाकडे गेली. परवा तापलेल्या सायलेन्सरवर हात टेकून बसलेला हा माणूस कातडी करपल्याचा वास आल्यावर भानावर आला होता.

"एवढं बघतो. जरा हे टोक बाजूला धर."

"मला नाही हो भरवसा तुमच्या वायरींचा."

"धर गं, मेलेली आहे ती."

त्यांनी दोरी ओढली आणि काकू किंचाळून मागच्या खोक्यांवर आदळल्या. "आई गं! मारायचं ठरवलंय का मला?"

"ठिणगी आहे!" काकांचा चेहरा उजळला. "अगं, कॉइल जिवंत आहे!"

"तिचं कौतुक नंतर करा. माझा हात खांद्यापर्यंत झिणझिणतोय."

काकांनी ते टोक घाईने आपल्या बोटाला लावले. दोरी ओढली. पुन्हा ओढली. मनगटापाशी कुठेतरी पुसटशी थरथर झाली, दूरच्या खोलीत कुणी दार लावावे तशी. आजवर तिला ते दोरीचा हिसका समजत आले होते. बोट मात्र परक्याचे असावे तसे स्वस्थ होते.

"लागलं ना?" काकूंनी विचारले.

"हो, लागलं."

काकू खाली पडलेली खोकी एकेक करून उचलत राहिल्या.

जेवणानंतर काकांनी कॉइलला हात न लावता बाकीचे सगळे तपासले, आणि खोड सापडली. इंजिन बंद करणाऱ्या स्विचची वायर मुठीच्या दांड्याखाली घासून उघडी पडली होती. मैदानावरच्या हादऱ्यांनी ती बॉडीला टेकली की ठिणगी प्लगपर्यंत पोहोचत नसे. त्यांनी वायरला पट्टी गुंडाळली आणि काढून टाकलेल्या दोन्ही कॉइली फडक्याने पुसून फळीवर मागे सरकवल्या. त्यांच्यात काहीच बिघाड नव्हता.

संध्याकाळी माळी आला तो आपल्या मेहुण्याला घेऊन. यंत्र पहिल्याच ओढीला सुरू झाले. काकांनी ते बंद केले, तसा माळी मेहुण्याला म्हणाला, "अरे, खरी गंमत पुढेच आहे. काका, दाखवा की तुमचा टेस्टर!"

काकांनी क्षणभर बोटाकडे पाहिले. मग वायरचे टोक लावले आणि दोरी ओढली. दोरी पूर्ण परत गुंडाळली गेल्यावर त्यांनी हात झटकला.

"आई गं! काय जबरदस्त आहे!"

माळी आणि मेहुणा पोट धरून हसले. दारात उभ्या असलेल्या काकूंनी तो झटका पाहिला. तो उशिरा बसला होता. त्या तशाच आत वळल्या आणि दिवा लावायला विसरून अंधारातच उभ्या राहिल्या.