टेकडीवरचा फेटेवाला

आधीच सांगते, मी गणित शिकवते. देवासला, हिंदी मीडियमच्या शाळेत, एकोणीस वर्षं झाली. रस्त्यात लिंबू-मिरची पडलेली दिसली की लोक गाडी वळवतात, मी मुद्दाम तिच्यावरून स्कूटर नेते. अंगात येणं, नजर लागणं, असलं कोणी सांगायला लागलं की माझं एकच उत्तर असायचं — झोप नीट होत नाही तुझी, डॉक्टरला दाखव. त्यामुळे आज हे लिहिताना माझं मलाच हसू यायला हवं... येत नाही.

माझे बाबा धारला एकटे राहायचे. वय चौऱ्याहत्तर, पाटबंधाऱ्यातून रिटायर. आई जाऊन सहा वर्षं झाली. त्यांना आणि मला एक जगावेगळा नाद आहे — छोट्या लढाया खेळायचा. म्हणजे बुद्धिबळ नाही. दोन फूट बाय दोन फुटांचा प्लायवूड, त्यावर निळ्या ऑइलपेंटची नदी, थर्मोकोलची टेकडी, आणि सैन्य! पुठ्ठ्याच्या पट्टीवर मसूर चिकटवले की पायदळ, राजमा म्हणजे हत्ती. लोक यासाठी मोठाली टेबलं अडवतात म्हणे. आमचं घर दोन खोल्यांचं, माणसं तीन — मी, हे आणि आमची मुलगी सई. एकच टेबल, त्यावर जेवण, इस्त्री आणि सईचा अभ्यास. त्यामुळे आमचं रणांगण दिवाणाखाली सरकवलेलं असायचं. चारी बाजूंना बोटभर उंचीची पट्टी ठोकलेली, कोणी सांडू नये म्हणून.

हुबेहूब तसाच दुसरा बोर्ड बाबांकडे. दर रविवारी अकराला फोन स्पीकरवर टाकायचा. पटावरच्या घरांना, सईच्या भाषेत खान्यांना, नावं — क एक, ख दोन, ग तीन. त्यांनी चाल सांगितली की मी माझ्या बोर्डावर त्यांचे लोक हलवायचे, त्यांनी तिकडे माझे. फासे ज्याचे त्याने टाकायचे आणि खरं सांगायचं. बाबांचा सेनापती म्हणजे शर्टाच्या बटणावर उभी केलेली अर्धी काडी, तिला भगव्या दोऱ्याचा फेटा. आम्ही त्याला फेटेवाला म्हणायचो. तो कायम ग तीनवर, टेकडीच्या माथ्यावर. बाबा त्याला तिथून हलवत नसत.

आणि बाबांचा एक नियम होता, तो नीट लक्षात ठेवा. आपल्याकडे माळव्यात सगळी मराठी हिंदीत कालवलेली. मी सवयीने म्हणायची, "बाबा, ग चार खाली आहे." की लगेच तिकडून, "खाली? कशाच्या खाली? जमिनीच्या? रिकामं म्हण! एक चाल बाद!" खरंच चाल बाद करायचे हो. त्या एका शब्दापायी मी किती लढाया हरले असेन. सईला तर ते खेळाच्या वाटेलाच जाऊ द्यायचे नाहीत. पण त्यांच्या स्वतःच्या तोंडून रिकाम्याला 'खाली' असं उभ्या जन्मात निघालेलं मी ऐकलं नव्हतं.

त्या रविवारी खेळ झाल्यावर बाबा उगाच रेंगाळले. म्हणाले, "नमू, गुडघे कुरकुरतात आता. पायऱ्या नको वाटतात." मी म्हटलं, बाम लावा. मग म्हणाले, "तुझ्याकडे खिडकीपाशी ऊन छान येतं, नाही?" मला कळलं होतं. सगळं कळलं होतं. आणि मी काय बोलले? "बाबा, जागा कुठाय इथे? तुम्हीच बघता ना." ते म्हणाले, "खरंय, खरंय," आणि फोन ठेवला. दोन दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. फोन हातात घ्यायची, ठेवायची. भाजी दोनदा करपली.

मंगळवारी सकाळी झाडायला म्हणून बोर्ड ओढला. सातला दहा कमी होते, नक्की आठवतं, कारण सव्वासातला मला निघायचं असतं. टेकडीवर फेटेवाला नाही. शोधलं, तर बोर्डाच्या खाली, फरशीवर आडवा, बरोबर टेकडीच्या खालच्या जागी. बाकी एक मसूर हललेला नाही. मी सईवर कडाडले. ती दहावीत, परीक्षेच्या सुट्टीवर, अर्धवट झोपेत. "मम्मी, मी हातपण नाही लावला, कसम से!" मी फेटेवाला जागेवर ठेवला, बोर्ड आत ढकलला आणि शाळेत गेले. शाळेतही जीव थाऱ्यावर नव्हता. एकाच वर्गाला एकच उदाहरण दोनदा घातलं, पोरं हसली.

दोनला घरी आले तर सई म्हणाली, "आजोबांचा फोन होता, घरच्या फोनवर. बारा वाजता."

"काय म्हणाले?"

"काही नाही गं, 'खाली... खाली...' एवढंच. मग कट. गेमचं असणार. कुठलातरी खाना खाली असेल."

खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. रुसवा गेला म्हणायचा, म्हाताऱ्याने आपणहून चाल पाठवली! मी निवांत चहा टाकला. हो, चहा. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. चहा पिऊन, कुठली चाल ते बघू म्हणून बोर्ड ओढला.

ग तीन रिकामं. फेटेवाला पुन्हा नाही.

सई म्हणाली, "बघ, आहे ना खाली!" आणि मीही मान डोलावली. बरोबर, टेकडी खाली आहे, बाबांनी सेनापती हलवला असणार...

आणि मग तो शब्द खटकला. बाबा 'खाली' म्हणाले? बाबा? माझ्या चाली बाद करणारा माणूस मला 'खाना खाली' म्हणेल? बाबांच्या मराठीत खाली म्हणजे खालीच. मी बोर्ड उचलला. फेटेवाला फरशीवर, सकाळच्याच जागी, सकाळसारखाच आडवा पडलेला.

धारचं घर उतारावर आहे. वरून सपाट दिसतं, पण आतून दहा पायऱ्या उतरल्या की एक तळखोली. बाबा तिथेच बसून आमची सैन्यं बनवायचे. मी मोबाइल लावला. वाजून वाजून बंद. समोरच्या पिठाच्या चक्कीवाल्या गोलू भियांना (आमच्याकडे भैयाचा भिया होतो) लावला.

"दीदी, दरवाजा तो अंदर से बंद है। बाऊजी सो रहे होंगे।"

"भिया, सो नहीं रहे। पीछे से जाओ, नीचे की कोठरी में देखो। नीचे!"

फोन चालूच होता. त्यांचे धावते पाय ऐकू आले, मग दार तुटल्याचा आवाज, मग, "अरे बाऊजी! अरे राम राम..." सई रडायला लागली होती. मग गोलू भिया धापा टाकत म्हणाले, "साँस चल रही है दीदी। आप आ जाओ।"

पायरीवरून पाय घसरला होता. खुब्याचं हाड मोडलेलं, घशाला कोरड, सात तास जागचं हलता आलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर मी काही सांगू शकलो नसतो.

आता गणित ऐका. बाबा पडले साडेसातला. खाली जाताना आकाशवाणीच्या बातम्या लागल्या होत्या म्हणून त्यांना पक्कं आठवतं. फेटेवाला मला पहिल्यांदा खाली सापडला सातला दहा कमी असताना. म्हणजे ते पडायच्या आधी. आणि मोबाइल? धारला तेवढा एकच फोन, आणि तो वरच्या खोलीत चार्जिंगला होता. मी स्वतः काढून पाहिला. त्या दिवशी त्यातून एकही फोन बाहेर गेलेला नाही. मग बाराला सईशी बोललं कोण? ती आजही शपथेवर सांगते, आवाज आजोबांचाच, फक्त लांबून आल्यासारखा. बाबांना विचारलं तर म्हणाले, "हाका मारत होतो गं तुला. खाली आहे मी, खाली आहे मी, म्हणून. पण इथून देवासला कशी ऐकू जाणार?"

मी सगळ्या बाजूंनी सोडवून पाहिलं. उंदीर म्हणावं, तर बोटभर पट्टी ओलांडून नेमका एकच कसा नेला, आणि दोन्ही वेळा एकाच जागी? सईने केलं म्हणावं, तर फोनचं काय? उत्तर निघत नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर कळवा, पण मला भुताखेताचं सांगू नका, राग येतो.

वीस दिवसांनी बाबांना सरळ देवासला आणलं. यांनी ॲम्ब्युलन्समधून उतरवायला मदत केली. टेबल आम्ही काढून टाकलं होतं, आता जमिनीवर बसून जेवतो. खिडकीपाशी पलंग लावलेला, नवी चादर घातलेली, वर ऊन आलेलं. बाबा वॉकर धरून दारातच थांबले. पाहुण्यासारखे. पलंगाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी हळू विचारलं,

"नमू... ही जागा खाली आहे का?"

जन्मात पहिल्यांदा. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"एक चाल बाद, बाबा," मी म्हटलं, आणि त्यांना हाताला धरून उन्हातल्या पलंगावर बसवलं.